पेट्रोलला पर्याय ठरवताना गाडी रात्री कुठे उभी राहते, हे आधी पाहावे

धागाकर्ता, कोथरूड

माझी पेट्रोल गाडी २०१६ सालची आहे. टाकी भरली की लिटर आणि किलोमीटर वहीत टिपून ठेवायचे, ही वडिलांची सवय माझ्याकडे आली. त्या वहीप्रमाणे गेल्या चार-पाच वर्षांत गाडीची सरासरी लिटरला १६.६ किलोमीटरवरून १५.८ वर उतरली आहे. त्यात गाडीच्या वयाचा वाटा असेलच, पण सगळे खापर वयावर फोडता येत नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, म्हणजे ऊस-मक्यापासून काढलेले अल्कोहोल, मिसळलेले असते, आणि लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणात ऊर्जेची तूट साडेसहा-सात टक्क्यांची येते, आणि जुन्या चारचाकींच्या बाबतीत ६ ते ७ टक्के घट होईल, हे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही लिहिलेले आहे.

आता नवी गाडी घेण्याची वेळ आली आहे. ‘सर्वांत चांगले इंधन कोणते’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटू लागला आहे. ज्याच्या गाडीला रात्री स्वतःच्या छताखाली जागा आणि प्लग मिळतो, त्याने बॅटरीची गाडी घ्यावी. ज्याला तो मिळत नाही आणि ज्याचे धावणे भरपूर आहे, त्याने सीएनजी घ्यावा. इथेनॉल हा गाडीवाल्याने निवडलेला पर्याय नव्हे, कारण पंपावर निवड करण्याची सोयच नाही. हायड्रोजनचा विषय मी दोन वाक्यांत संपवतो. विजेपासून एक किलो हायड्रोजन तयार करायला ५० ते ५५ युनिट लागतात आणि त्यावर मोटार साधारण शंभर किलोमीटर जाते. तेवढीच वीज थेट बॅटरीत भरली, तर तशीच मोटार सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास जाईल.

ऊसकरी, वाळवा

आपण इथेनॉलला एका वाक्यात निकाली काढलेत, म्हणून लिहीत आहे. ऊस काट्यावर गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव, मिळाली पाहिजे, असा कायदा आहे, पण साखर गोदामात पडून राहिली आणि भाव कोसळला, की कारखाना ते पैसे आणणार कुठून? आमच्या भागात एका हंगामाची थकबाकी पुढच्या हंगामाची मोळी पडेपर्यंत रेंगाळलेली मी पाहिली आहे. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून काही आठवड्यांत येतात, आणि त्यामुळे आमची बिले वेळेवर निघू लागली. आपल्या लिटरमागचे पाऊण किलोमीटर गेले हे खरे, पण ते पैसे आखाताऐवजी शिवारात आले, हेही त्या वहीत लिहावे.

ब्राझीलने १९७५ मध्ये ही वाट धरली आणि २००३ पासून तिथे दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाड्या विकल्या जातात. आपणच मध्येच कच का खावी?

लातूरकर

ब्राझीलचा बहुतांश ऊस पावसावर वाढतो. आपला पाटावर, विहिरीवर आणि बोअरवर. एक लिटर इथेनॉलसाठी उसाच्या वाटेने सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे त्याच नीती आयोगाच्या आराखड्यात नमूद आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हा मी घागर घेऊन रांगेत उभा होतो, आणि त्याही काळात जिल्ह्यात ऊस उभा होता. पाऊस कमी पडला म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल काढण्यावर बंदी घातली आणि आठवड्याभरात ती अंशतः शिथिल केली. एका पावसाळ्याने ज्याचे गणित बिघडते, त्या इंधनावर सगळ्या देशाच्या टाक्या अवलंबून ठेवणे मला धाडसाचे वाटते.

ऊसकरी, वाळवा

पाण्याचा मुद्दा मी नाकारत नाही; माझा सगळा ऊस ठिबकवर आहे. मात्र आता इथेनॉलचा मोठा वाटा मक्यापासून येतो, आणि मका काही पाटाचे पाणी पीत बसत नाही. शिवाय उसाच्या पाण्याचा हिशेब इथेनॉल निघाल्यावरच का आठवतो? हाच ऊस साखर होऊन आपल्या चहात पडत होता, तेव्हा कुणी लिटर मोजले नव्हते.

सीएनजीवाला, ठाणे

मी रोज दीडशे किलोमीटर गाडी चालवतो, त्यामुळे वादापेक्षा हिशेब सांगतो. माझी गाडी किलोला पंचवीस किलोमीटर देते. एक किलो मिथेन जळला की पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे शंभर किलोमीटरला ११ किलो. बॅटरीच्या गाडीला चार्जिंगमधली गळती धरून शंभर किलोमीटरला १६ युनिट लागतात. आपली बहुतेक वीज कोळशाची असल्याने युनिटमागे साधारण ०.७२ किलो धरले, तर तिचेही साडेअकरा किलो होतात. पेट्रोलचे १५ किलो धरा. म्हणजे आजच्या घडीला माझी गाडी आणि ती महागडी गाडी एकाच पायरीवर उभ्या आहेत.

त्रास आहे, तो रांगेचा. रात्री अडीचला पंपावर गेले तरी पुढे वीस रिक्षा असतात. प्रवासी असतील तर सगळ्यांना खाली उतरवून लांब उभे करावे लागते, आणि एवढे करून नळी लावावी तर प्रेशर नसते. सिलिंडर २०० बारपर्यंत भरायला हवा, तो १५० वरच थांबतो आणि आठ किलोच्या जागी सहा किलो घेऊन निघावे लागते. डिकीत सिलिंडर असल्याने विमानतळाच्या भाड्याला दोन बॅगांवर तिसरी आली, की ती पुढच्या सीटवर. तरीही मी पेट्रोलकडे परत जाणार नाही.

धागाकर्ता, कोथरूड

आपला हिशेब मी पडताळून पाहिला आणि तो बरोबर आहे. फक्त एक बाब त्यात धरलेली नाही. गाडी बारा-पंधरा वर्षे चालते. आज घेतलेल्या सीएनजी गाडीचे ११ किलो पंधराव्या वर्षीही ११च राहतील, किंबहुना इंजिन झिजल्यावर वाढतील. बॅटरीच्या गाडीचे साडेअकरा किलो मात्र वाऱ्याची आणि सौर वीज वाढत जाईल तसे, गाडीला हातही न लावता कमी होत जातील. शिवाय न जळता गळालेला मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट अधिक उष्णता धरून ठेवतो. आणि आपल्याकडचा निम्म्याच्या आसपास गॅस आयातच होतो, म्हणजे आखाताचा पाश सुटत नाही.

चंद्रपूरकर

‘गाडीला हातही न लावता’ हे वाक्य आमच्याकडे बसून वाचले, की वेगळे ऐकू येते. आपण म्हणता की गाडी रात्री घरी चार्ज करावी. रात्री सूर्य नसतो. कोथरूडच्या पार्किंगमध्ये रात्री दोन वाजता जी वीज बॅटरीत जाते, तिच्यातली बरीचशी आमच्याकडच्या २,९२० मेगावॉटच्या केंद्रासारख्या ठिकाणी कोळसा जाळूनच आलेली असते. आपल्या रस्त्यावरचा धूर कमी होतो आणि आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते. आणि पाण्यासाठी फक्त उसाला धारेवर धरणाऱ्या लातूरकरांना आठवण करून देतो, की २०१३ मध्ये परळीचे वीज केंद्र पाण्याअभावीच बंद पडले होते. औष्णिक वीजही तहानलेलीच असते.

मी बॅटरीच्या गाडीच्या विरोधात नाही. माझा आक्षेप आपल्या शीर्षकाला आहे. गाडी रात्री कुठे उभी राहते यापेक्षा ती दुपारी कुठे उभी राहते, हे अधिक महत्त्वाचे आहे.

तिसऱ्या मजल्यावरचा, डोंबिवली

दुपार आणि रात्र दोन्ही बाजूला ठेवून आमच्या सोसायटीकडे या. माझे मीटर तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत, तिथून माझी पार्किंगची जागा चाळीस फुटांवर, आणि मध्ये चार जणांच्या गाड्या. पहिल्या सभेत चिटणीसांनी आगीची भीती काढली. दुसऱ्या सभेत, सगळ्यांनीच चार्जर मागितले तर इमारतीचा मंजूर भार पुरणार नाही, असे सांगितले. हा मुद्दा मात्र खरा होता. तिसऱ्या सभेत वायर पत्र्याच्या पेटीतून न्यायची की भिंतीतून, यावर पाऊण तास गेला आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. अखेर मी हायब्रिड घेतली, म्हणजे पेट्रोलचे इंजिन आणि चालता चालता स्वतःच भरणारी छोटी बॅटरी असलेली गाडी. तिला प्लग नको, रांग नको. शहरात लिटरला बावीस किलोमीटर मिळतात. किंमत जास्त पडली आणि पेट्रोल सुटले नाही, हे मान्य.

धागाकर्ता, कोथरूड

चंद्रपूरकरांचे म्हणणे मला पटले आहे आणि शीर्षक मागे घ्यायला हरकत नाही. माझी गाडी दहा ते सहा कार्यालयाच्या उघड्या वाहनतळावर तापत उभी असते. तिथे छत नाही, प्लग तर नाहीच. रात्रीच्या प्लगचा विचार करताना दिवसाचे ते आठ तास माझ्या हिशेबातच आले नव्हते. डोंबिवलीकरांची हायब्रिड मी पर्यायांत धरायला हवी होती. इथेनॉलबाबत मात्र माझे मत तेच आहे: मिश्रण राहू द्या, पण २० टक्क्यांसाठी न बनवलेल्या, एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्यांसाठी पंपावर कमी मिश्रणाची एक नळी तरी असावी, आणि २० टक्क्यांच्या लिटरचा भाव त्यातल्या ऊर्जेच्या प्रमाणात कमी असावा.

ऊसकरी, वाळवा

भाव कमी करण्याला माझी ना नाही, फक्त ती कपात कारखान्याच्या दरातून होऊ नये.

दुपारचा विषय निघालाच आहे, म्हणून विचारतो. माझ्या विहिरीवर पाच एचपीच्या सौर पंपाची पॅनेले आहेत. पावसाळ्यात आणि ऊस तोडून गेल्यावर ती दिवसेंदिवस नुसती ऊन खात असतात. पंपाच्या कंट्रोलरवरून गाडी थेट चार्ज होत नाही, असे वायरमन सांगतो. मध्ये काय बसवावे लागेल आणि त्याला खर्च किती येईल, हे कुणी स्वतः करून पाहिले असल्यास इथे लिहावे.