चोवीस तास पाणी: गरज की चोचले?

कोयनाकाठ:
कराडला खेटून असलेल्या मलकापुरात जीवन प्राधिकरणाने चोवीस तास पाण्याची योजना उभी केली, मीटर लावून. लहानसं गाव, तरी जमलं. मग आपली मोठमोठी शहरं अजून ‘पाणी सुटायची वेळ’ का सांगतात? आणि हा सोयीचा नाही, आरोग्याचा प्रश्न आहे. जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी, गाळण, क्लोरीन सगळं नीट झालं तरी पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, दाब उतरतो आणि जिथे सांधा गळतो तिथूनच शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. त्यात लोक नळाला थेट मोटार लावतात! सुरुवातीची बादली गढूळ का येते, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

मांजराकाठ:
कोयनेच्या काठावर बसून हे बोलणं सोपं आहे हो. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. धरणच आटलं तर पाइपात दाब कशाचा ठेवणार, हवेचा? आमच्याकडे आठवड्याने का होईना, पाणी येणं महत्त्वाचं. आधी उद्भव, म्हणजे पाण्याचा स्रोत, मग चोवीस तास.

कोयनाकाठ:
@मांजराकाठ, चोवीस तास म्हणजे जास्त पाणी नव्हे. उलट मीटर असले की गळती कळते, आणि टंचाईतच गळती परवडत नाही. आणि नळ कधीही येतो म्हटल्यावर पिंपं भरून ठेवणं आणि ‘शिळं’ म्हणून ओतून देणं थांबतं.

मांजराकाठ:
आठवड्याने पाणी येणाऱ्या घरात शिळं पाणी कोणी ओतत नाही, साहेब. पुरवून पुरवून वापरतात.

सार्वजनिक_नळ:
मीटरवाल्यांना एक विचारते. जास्त वापराला चढता दर, हे कागदावर न्याय्य दिसतं. पण आमच्या वाड्यात एका जोडणीवर पाच बिऱ्हाडं आहेत. पाचांचा वापर एकाच मीटरवर मोजला की आम्ही थेट वरच्या टप्प्यात. बंगल्यातल्या तिघांना स्वस्त, आम्हाला महाग. याचा हिशेब आधी करा, मग मलकापूर सांगा.

कोयनाकाठ:
मग दर बिऱ्हाडं मोजून लावा. त्यासाठी मीटरच नको म्हणणं मला पटत नाही.

सार्वजनिक_नळ:
बिऱ्हाडं मोजायला कोण येणार? भाडेकरू कागदावर दाखवायला मालक तयार नसतो.

जुना_व्हॉल्व्हमन:
नोकरी याच खात्यात गेली, म्हणून दोन शब्द. तास मोजू नका, शेवटच्या नळावरचा क्लोरीन मोजा. भारतीय मानकानुसार तिथे लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम उरला पाहिजे. नमुन्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडिन, क्लोरीन तपासायचं रसायन) थेंब टाका. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर विचारा. टाकीखालच्या नळावर नमुना घेऊन वही भरणारे मी पुष्कळ पाहिलेत. लांबच्या लाइनीत चोवीस तास पाणी असलं तरी टोकाला क्लोरीन संपलेला असू शकतो. 2012 ला इचलकरंजीत काविळीची केवढी साथ आली, ती पाण्यातूनच.

मांजराकाठ:
हे पटलं. पण वहीत खोटं लिहिणारा माणूस चोवीस तासांच्या योजनेतही तोच असणार ना?

जुना_व्हॉल्व्हमन:
तोच. म्हणून नमुना तुम्ही घ्या. ओटीची बाटली महाग नसते. पाणी आलं की लगेच एक आणि बंद व्हायच्या आधी एक, असे दोन बघा. रंगात फरक दिसला तर तारीख-वेळ टाकून फोटोसह वॉर्डात अर्ज द्या आणि पोच घ्या.