होमोसिस्टीन खाली आणलं की झालं?
शुगर असलेल्या वडिलांचं होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल, ते वाढलं की हृदयविकाराशी जोडलं जातं) २२ म्हणजे जास्त आलंय, बी-व्हिटॅमिनचा हेवी डोस सुरू करू का असं विचारलंयत, तर जरा थांबा. शुगरवाल्यांत हे वाढतं ते बऱ्याचदा किडनी मंदावल्यामुळे नाहीतर बी१२ कमी पडल्यामुळे, आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू, त्यात घरी शाकाहार म्हटलं की बी१२ ची बोंबच असते. पण आकडा उतरला म्हणून हार्ट अटॅक टळले असं बी-व्हिटॅमिन देऊन केलेल्या २००६ च्या होप-टू ट्रायलमध्ये काही दिसलं नाही (स्ट्रोक मात्र थोडे कमी झाले). उलट कॅनडात डायबिटीसने किडनी बिघडलेल्यांना फॉलिक, बी६, बी१२ चे मोठे डोस दिले तर किडनी अजून लवकर ढासळली, २०१० साली छापून आलंय हे! आधी बी१२, आणि किडनीसाठी क्रिएटिनिन नि लघवीतलं अल्ब्युमिन तपासा, मग गोळ्यांचं डॉक्टरांशी बोला.