१२०० अश्वशक्तीच्या डिझेल ड्रॅग ट्रकसाठी टर्बो: एकच ८८ मिमी की कंपाऊंड?

ड्रॅगवेडा

ट्रक एक अष्टमांश मैलाच्या ६.७० सेकंदांच्या इंडेक्स वर्गासाठी (ठरलेल्या वेळेच्या जवळ पोचायचं, पण त्याहून कमी नाही) तयार होतोय. चालकासकट वजन ६,५०० पाउंड. इंजिन ६.७ लिटर कमिन्स, कॉमन रेल, दोन सीपी३ (उच्च दाबाचे डिझेल) पंप, मोठे नोझल, फोर्ज्ड रॉड, १४ मिमी हेड स्टड, फायर रिंग. इंटरकूलर बर्फाच्या पाण्याचा. गिअरबॉक्सला ट्रान्सब्रेक (लाइनवर ट्रक रोखून धरणारा) आहे, कन्व्हर्टरचा स्टॉल (ट्रक रोखलेला असताना इंजिन चढतं तो वेग) २८०० आरपीएम. गिअर ४२०० आरपीएमला बदलतो.

सध्या ७५ मिमीचा (हवा दाबणाऱ्या कंप्रेसर चाकाच्या तोंडाचं माप) एकच टर्बो आहे. बूस्ट (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) ४८ पीएसआय, ड्राइव्ह प्रेशर (टर्बाइनच्या आधीचा एक्झॉस्टचा दाब) ७८. ट्रॅकच्या दुसऱ्या अर्ध्यात काळा धूर येतो आणि एक्झॉस्टचं तापमान ९२५ अंश सेल्सियसला पोचतं. क्रँकवर १२०० अश्वशक्ती हवी आहे. सरळ ८८ मिमीचा एकच बसवला तर चालेल का? कंपाऊंडचं (एकापाठोपाठ जोडलेल्या मोठ्या आणि लहान टर्बोचं) वजन आणि पाइपांचं जंजाळ शक्यतो नको आहे.

हवामापी

मिलिमीटर नंतर, आधी हवा मोजू.

ताशी दर अश्वशक्तीला ०.३८ पाउंड डिझेल धरलं तर १२०० ला ताशी ४५६ पाउंड, म्हणजे मिनिटाला ७.६. धूर आटोक्यात ठेवायला डिझेलच्या वीसपट हवा लागते. झाले मिनिटाला १५२ पाउंड, किलोत ६९.

आता ही हवा इंजिनात मावते का ते बघा. ६.७ लिटरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरतं. ४००० आरपीएमला मिनिटाला १३.४ घनमीटर, आणि भरण ९० टक्के धरलं तर १२. तेवढ्या जागेत ६९ किलो हवा बसवायची तर घनता बाहेरच्या हवेच्या जवळपास पाचपट लागते. मॅनिफोल्डमधली हवा ६० अंशांवर राखली तरी गेजवर ६४ पीएसआय दिसायला हवा. आज तुमच्याकडे ४८ आहे. त्याच हिशेबाने मिनिटाला साधारण १२० पाउंड हवा मिळते, आणि तिच्यात स्वच्छ जळून निघते ती ९५० अश्वशक्तीच्या आसपास. त्याहून जास्त टाकलेलं डिझेल धूर आणि ताप होऊन बाहेर पडतंय.

६४ पीएसआय म्हणजे इंटरकूलर आणि फिल्टरमधली दाबाची घट धरून कंप्रेसरचा प्रेशर रेशो (बाहेर पडणारा दाब भागिले आत येणारा) ५.७ च्या पुढे. बहुतेक कुठल्याही एका चाकाचा मॅप (दाब आणि हवेच्या प्रवाहाचा आलेख) उघडा, चार-साडेचारच्या वर कार्यक्षमतेची वर्तुळं संपलेली असतात. ८८ मिमीचं चाक १५० पाउंडांच्या आसपास हवा देईलही, पण या दाबाला नाही. म्हणून ४००० आरपीएमवर एकाच टर्बोने हे काम होणार नाही.

एकच हवा असेल तर आरपीएम वाढवा. ५००० ला तीच हवा ४९ पीएसआयमध्ये मावते, रेशो ४.७ वर येतो. तरीही काठावरच. शिवाय व्हॉल्व्ह स्प्रिंग, कॅम, पुशरॉड सगळं बदलावं लागेल, आणि ५००० ला ३० अंशांची फवारणी फक्त १ मिलिसेकंदात उरकावी लागते (४००० ला १.२५ मिळतो). माझं मत स्पष्ट आहे: या ट्रकला कंपाऊंडच.

गरमबाजू

हवामापींचा हिशेब बरोबर आहे. पुढचा प्रश्न, लहान टर्बो किती लहान? घोळ बहुतेक इथेच होतो. १५२ पाउंड हवा दोन्ही टर्बोंतून जाते, म्हणून लहानही १५० पाउंडांचाच हवा, असं वाटतं. तसं नसतं. लहान टर्बोला हवा आधीच दाबलेली मिळते.

मोठ्याला रेशो २.५ द्या, लहानाला २.३. गुणाकार ५.७५, म्हणजे जमलं. मोठ्यातून बाहेर पडणारी हवा सुमारे १५० अंश सेल्सियस असते. तापमान आणि दाब दोन्ही धरून दुरुस्त प्रवाह (बाहेरच्या साध्या हवेच्या मापात) काढला तर १५२ × १.१८ ÷ २.५, म्हणजे ७२ पाउंड. हा बिंदू लहान टर्बोच्या मॅपवर मांडा. ६४ ते ६६ मिमीचा एस३०० जातीचा टर्बो त्यावर नीट बसतो. मोठा ८५ ते ९१ मिमीचा, टी६ फ्लँज (जोडणीचं माप), टर्बाइन ९६/८८ मिमी, हाउसिंग १.३२ (आकडा लहान तेवढं घट्ट). लहानाला टी४, ७३ किंवा ८० मिमीचं टर्बाइन, हाउसिंग ०.९१. याहून घट्ट हाउसिंग घेऊ नका. आत्ता ४८ बूस्टला ७८ ड्राइव्ह म्हणजे १.६ पट, ती सगळी गरम (टर्बाइनच्या) बाजूची कोंडी आहे. ६४ बूस्टला ड्राइव्ह प्रेशर ७७ च्या आत ठेवायचा प्रयत्न करा.

वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट वळवणारी झडप) मॅनिफोल्डवर, लहान टर्बाइन टाळून थेट मोठ्याकडे जाणारा. ६० मिमीचा एक किंवा ४६ चे दोन. पाइप टर्बाइनच्या वाटेइतकाच सरळ निघाला पाहिजे. काटकोनात बसवलेला गेट पूर्ण उघडूनही लहान टर्बो धावतच राहतो.

लहान टर्बोतून निघणारी हवा ३०० अंशांपर्यंत तापते. तिथे सिलिकॉनचा होज लावलात तर तो फाटणार. इंटरकूलरपर्यंत धातूचा पाइप आणि व्ही-बँड क्लॅम्पच वापरा.

ड्रॅगवेडा

गणित पटलं. एस३६६ (६६ मिमीचा एस३००) आणि ८८ मिमीचा विचार करतो. वाटणी खरंच २.५ आणि २.३ झाली की नाही, हे ट्रॅकवर कसं ओळखायचं? आणि २८०० स्टॉलवर मोठा टर्बो जागा होईल का?

सहासिलिंडर

दोन टर्बोंच्या मधल्या पाइपाला तिसरा प्रेशर सेन्सर लावा आणि तिन्ही आकडे एकत्र लॉग करा. हे केल्याशिवाय कंपाऊंड जुळत नाही. पूर्ण लोडला मधला दाब २१ पीएसआयच्या आसपास हवा. तो १२ च दिसला आणि शेवटी ६४ मिळत असतील, तर लहान टर्बो एकटा रेशो ३ ओढतोय आणि त्याचा वेग हद्दीबाहेर जातोय. गेट लवकर उघडा. गेट पूर्ण उघडूनही १२ च राहिले तर मोठ्याचं हाउसिंग एक पायरी लहान करा. उलट मधला ३५ आणि शेवट ६४ ला अडकला, तर लहान टर्बो हवेची वाट अडवतोय.

ड्राइव्ह प्रेशरचा सेन्सर मॅनिफोल्डला थेट लावू नका, वितळेल. आधी हातभर स्टीलची नळी वेटोळी करून घ्या.

दर काही रननंतर लहान टर्बोचं इनटेक काढून शाफ्ट पुढे-मागे हलवून बघा. पुढे-मागे हालचाल जाणवायला लागली की थ्रस्ट बेअरिंग जातंय. उघडलाच तर कंप्रेसर व्हीलची मागची बाजू उजेडात तिरकी धरा. तिथे संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा दिसला तर ते चाक जादा वेगाने ताणलं गेलंय. पाती शाबूत दिसली तरी परत बसवू नका.

स्टॉलचं म्हणाल, तर लाइनवर मोठ्याला जागं करायची गरजच नाही. २८०० ला लहानाने २० पीएसआय दिले की निघा. मोठा पहिल्या शंभरेक फुटांत येतो. येत नसेल तर थोडा नायट्रस द्या, २० पीएसआयला बंद होईल असा प्रेशर स्विच लावून. हाउसिंग लहान करून लाँच सुधारू नका, शेवटच्या तीनशे फुटांत ते महागात पडतं. ६,५०० पाउंडांना ६.७० साठी अकराशेच्या आसपास पुरतात, त्यामुळे वरची शंभर राखीव ठेवा आणि रोज तोच आकडा येईल असं ट्यून करा. या वर्गात ६.६९ म्हणजे ब्रेकआउट (ठरल्यापेक्षा जलद, म्हणून बाद).

तेलाची परतीची नळी दोन्ही टर्बोंपासून सतत उतरती ठेवा, किमान -१० मापाची (५/८ इंची). मोठा टर्बो खाली बसवला की ती आडवी होते, तेल साचतं आणि सीलमधून इनटेकमध्ये शिरतं. डिझेल इंजिन त्या तेलावर बेलगाम पळतं आणि इंधन तोडूनही बंद होत नाही. इनटेकला चालकाच्या हाताशी येणारा हवा बंद करणारा शटर बसवा, आणि हुडमधून निघणाऱ्या एक्झॉस्टमध्ये टर्बोजवळ ३/८ इंची दोन बोल्ट एकमेकांना छेद देतील असे आरपार घाला. टर्बाइन तुटलं तर तुकडे तिथे अडतात.