शब्दचर्चा : वकिलातींचा 'प्रचार' की 'अपप्रचार'?

प्रश्न (नाशिक) : राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गासाठी मराठीत टिपणे तयार करताना एका शब्दावर आमच्या विभागाचे घोडे अडले आहे. वकिलाती समाजमाध्यमांवरून आपल्या सरकारची भूमिका यजमान देशातील लोकांच्या गळी उतरवू पाहतात, त्याला 'प्रचार' म्हणावे, 'अपप्रचार' म्हणावे की सरळ 'प्रोपगंडा' लिहावे?

प्रतिसाद : 'प्रचार' हा शब्द मराठीत मुळात निर्दोष आहे. पंचवटीत उमेदवाराची प्रचारफेरी निघते किंवा वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीचे नाव आपण घेतो, तेव्हा त्यात निंदा नसते. कमीपणाची छटा येते ती 'प्रचारकी' या विशेषणात. युरोपातही 'प्रोपगंडा' आरंभी सोवळाच होता, कारण पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२२ मध्ये धर्मप्रसारासाठी स्थापलेल्या मंडळाच्या लॅटिन नावातून तो आला. 'अपप्रचार' मात्र मजकूर खोटा किंवा बदनामीकारक असल्याचा आरोप करतो, आणि तो सिद्ध करण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते.

मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधील मारियुपोलच्या प्रसूतिरुग्णालयावर हल्ला झाल्यानंतर लंडनमधील रशियन वकिलातीने ट्विटरवर असे लिहिले की, छायाचित्रातील जखमी गर्भवती ही भूमिका वठवणारी स्त्री आहे. ती समाजमाध्यमांवर सौंदर्यप्रसाधनांविषयी लिहीत असे एवढे खरे होते. पण ती खरोखर गर्भवती होती आणि त्या रुग्णालयातच होती. ट्विटरने तो मजकूर काढून टाकला. खऱ्या धाग्यात खोटे ओवण्याच्या या प्रकाराला 'अपप्रचार' हाच शब्द हवा. याउलट जानेवारी २०२१ मध्ये वॉशिंग्टनमधील चिनी वकिलातीने, उइघुर (चीनच्या शिनजियांगमधील मुस्लिम समाज) स्त्रिया आता 'मुले जन्माला घालणारी यंत्रे' राहिलेल्या नाहीत, असे लिहिले, तेव्हा ट्विटरने कारवाई केली ती माणसांना माणूसपण नाकारल्याबद्दल, मजकूर खोटा ठरवून नव्हे. या मजकुराला 'प्रचारकी' म्हणणे फारच सौम्य होईल. 'अवमानकारक सरकारी प्रचार' असे लांबलचक लिहिलेले बरे.

दुसरा प्रतिसाद : प्रश्न नाशिकहून आला आहे म्हणून 'वकिलात' या शब्दाविषयी थोडे. दिल्ली दरबारी पेशव्यांचे वकील असलेले हिंगणे घराणे मूळ नाशिकच्या क्षेत्रोपाध्यायांचे, आणि त्यांचे नाव आजही निफाड तालुक्यातील चांदोरीशी जोडलेले आहे. हिंगणे दप्तरातील पत्रे पाहिली तर वकील दिल्लीची खबर पुण्याला आपल्या धन्याला कळवतो. दिल्लीच्या रयतेला उद्देशून तो काही लिहीत नाही. आजच्या वकिलातीचे समाजमाध्यमांवरील खाते थेट त्या रयतेशी बोलते. राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना करारातील तिसऱ्या कलमानुसार मैत्रीसंबंध वाढवणे हे वकिलातीचे कामच आहे, मात्र एकेचाळिसावे कलम यजमान देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करण्यास मनाई करते. म्हणून आपल्या देशातील पर्यटनाची किंवा सणांची माहिती देणाऱ्या मजकुराला 'प्रसिद्धी' म्हणावे आणि 'प्रचार' हा शब्द राजकीय मजकुरासाठी राखून ठेवावा.

तिसरा प्रतिसाद : एक दुजाभाव टाळावा. आपल्या वकिलातीने लिहिले की तिने 'बाजू मांडली' आणि परक्या वकिलातीने लिहिले की तिने 'अपप्रचार केला', अशी आपल्या वृत्तपत्रांची सवय आहे. गलवानच्या भारत-चीन संघर्षानंतर जून २०२० मध्ये बीजिंगमधील भारतीय वकिलातीने वीचॅट या चिनी समाजमाध्यमावर दिलेली पंतप्रधानांची वक्तव्ये तेथून नाहीशी झाली. ती वक्तव्ये चिनी वाचकांसाठीच तेथे दिली होती, त्यामुळे व्याख्येप्रमाणे तोही सरकारी प्रचारच होता. फरक पडतो तो मोकळिकीत, कारण चीनमध्ये २००९ पासून ट्विटर (आताचे 'एक्स') बंद असले तरी चिनी मुत्सद्दी परदेशात तेच माध्यम मुक्तपणे वापरतात.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. टिपणात सर्वसाधारणपणे 'सरकारी प्रचार' आणि मारियुपोलच्या उदाहरणापुरता 'अपप्रचार' असे ठेवते. आता 'समाजमाध्यम' एकवचनी लिहावे की अनेकवचनी, यावर आमच्या विभागात नवा वाद सुरू झाला आहे. त्यासाठी स्वतंत्र प्रश्न विचारीन.