पाड्यावर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी, बायका येतच नाहीत!

घोडबंदरकर:
आम्ही ठाण्यातल्या चार-पाच जणांनी शहापूरच्या पुढे एका पाड्यावर शिबिर घेतलं, डॉक्टरबाई नेल्या, टेबल नेलं, आशाताईने घरोघर सांगितलं तरी नऊच बायका आल्या आणि त्यातल्या दोघी दारातूनच परत. काय चुकलं? जानेवारीत परत घ्यायचंय.

मुरबाडी:
जानेवारीत पाड्यावर कोण सापडणार भाऊ? दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर येतात. एकतर भट्टीवरच जा, नाहीतर लावणी उरकून कापणी सुरू व्हायच्या आधी घ्या.

ऐरोलीची_सिस्टर:
मी नर्स आहे, अशी शिबिरं केलीत. तपासणी शाळेच्या वर्गात केली ना, खिडकीला पेपर चिकटवून? बाहेर ओट्यावर सासरे-दीर बसलेत आणि आत परकर वर करून झोपायचं, मी पण आले नसते. आणि बॅनरवर कॅन्सर लिहिलंत की संपलंच, त्यापेक्षा अंगावरून पांढरं जातं का इथून बोलायला घ्या. व्हीआयएला, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी बघायच्या तपासणीला, लॅब लागत नाही, गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उमटतो का बघायचं. टाटा हॉस्पिटलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत हेच डॉक्टरांकडून नाही, शिकवून तयार केलेल्या बायकांकडून करून घेतलं आणि या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले.

घोडबंदरकर:
बॅनर होता. लाल अक्षरात 🙈

लॅबवाली_कळवा:
एचपीव्ही टेस्टचा, म्हणजे हा कॅन्सर ज्या विषाणूने होतो त्याच्या तपासणीचा, पण विचार करा, स्वॅब बाई स्वतःच घरात आडोशाला घेऊ शकते, टेबलाची भानगडच नाही. आपल्याच धाराशिवला, तेव्हाचं उस्मानाबाद, 1 लाख 31 हजार बायकांवर अभ्यास झालेला, 2009 ला छापून आला, एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात मृत्यू जवळपास निम्मे. फक्त रिपोर्ट येईपर्यंत बाई सापडली पाहिजे.

ऐरोलीची_सिस्टर:
तेच तर. आम्ही एकीला चिठ्ठी देऊन शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं, ती रोज बुडवून कसारा लोकलने आली, खिडकीवर म्हणे मंगळवारी या. ती परत आलीच नाही, मी दोनदा जाऊन आले, घराला कुलूप. म्हणून थर्मल ॲब्लेशनचं मशीन मिळतंय का बघा, हातात मावतं, बॅटरीवर चालतं, साधा डाग असेल तर त्याच दिवशी तिथेच जाळून मोकळं. कॅन्सरचाच संशय असला तर मात्र पाठवावंच लागतं, आणि तेव्हा तुमच्यातलं कोणीतरी सोबत जा, नुसती चिठ्ठी नको.

घोडबंदरकर:
सोबत जायचं मी बघतो. मुरबाडी, सप्टेंबरमध्ये त्या रस्त्याने गाडी जाते का?

मुरबाडी:
बाईक जाते. टेबल नाही जात.