भोपळ्यातली म्हातारी इंग्रजीत कनिंग, क्राफ्टी की श्रूड?

भोपळेवाली:
नमस्कार मंडळी, अडलेय जरा. इकडे इंग्लंडमध्ये आमच्या मराठी मंडळात मुलांना गोष्टी सांगायच्यात, पोरांचं मराठी 'आई भूक लागली' च्या पुढे जात नाही म्हणून इंग्रजीतच सांगावं लागणार. मी 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' घेतलीये. सगळं लिहून झालं आणि पहिल्याच ओळीत गाडी अडली, एक होती म्हातारी, ती फार... काय होती? बघा ना, ती वाघाला चक्क गंडवते, लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते मग खा म्हणते आणि परत येताना भोपळ्यात बसून सटकते. म्हणजे खोटं बोलते, पण आपण सगळे तिच्याच बाजूने. नवरा म्हणतो कनिंग लिही, मुलगी म्हणते आई, कनिंग लिहिलंस तर म्हातारीच व्हिलन वाटेल. शिवाय कोल्ह्यालाही एक शब्द लागणारच, दोघांना तोच कसा देऊ? क्राफ्टी, स्लाय, वायली, श्रूड, कॅनी, आर्टफुल यांच्यात नक्की फरक काय? डिक्शनरीत पहिल्याचा अर्थ दुसरा देतात आणि दुसऱ्याचा पहिला, झालं.

खडूफळा:
मुलगी बरोबर बोलतेय. मी शाळेत वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं, आमच्याकडे पोरं पेपरात सरसकट 'द कनिंग फॉक्स' लिहायची आणि आम्ही बरोबरची खूण करायचो, पण माणसाला कनिंग म्हटलं की आज त्यात कौतुकापेक्षा सावधगिरीच जास्त ऐकू येते. गंमत म्हणजे हा शब्द मुळात वाईट नव्हताच. 'जाणणे' या अर्थाच्या जुन्या धातूपासून आलाय. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये 'कनिंग वर्कमन' म्हणजे निष्णात कारागीर, आणि १३७ व्या स्तोत्रात 'माझा उजवा हात आपलं कनिंग विसरो' असं आहे तिथे कनिंग म्हणजे हातातलं कसब. क्राफ्टचंही तेच, आधी ताकद मग कसब मग क्राफ्टी म्हणजे डावपेचवाला. जर्मनमध्ये क्राफ्ट म्हणजे अजूनही ताकदच.

श्रूडचा प्रवास बरोबर उलटा. श्रू म्हणजे कजाग, त्यावरून श्रूड म्हणजे आधी दुष्ट, खोडसाळ, आणि आज ती चक्क स्तुती आहे. श्रूड इन्व्हेस्टर म्हटलं तर माणूस खूश होतो, कनिंग इन्व्हेस्टर म्हटलं तर ऐकणारा आपलं पाकीट चाचपतो. श्रूडमध्ये फसवाफसवी असायलाच हवी असं नाही, नजर हवी. भाजीवाल्याने वरच्या थरात चकचकीत टोमॅटो लावलेत हे ओळखून जी बाई खालचे उचलून बघते ती श्रूड. खालच्या थरात नरम टोमॅटो दडवणारा भाजीवाला स्लाय. स्लायमध्ये लपवाछपवी पाहिजेच, 'ऑन द स्लाय' म्हणजे गुपचूप, कोणाला न कळू देता.

माझं मत म्हातारीला वायली द्या. वायली म्हणजे पुष्कळ पावसाळे पाहिलेला, ज्याच्या पोतडीत एक फसली तर दुसरी युक्ती तयार. म्हणून इंग्रजीत 'वायली ओल्ड' ही जोडी सारखी भेटते. आपला बेरकी त्याच्या बराच जवळ जातो.

टाइनकाठचा:
एक धोक्याची सूचना, कॅनी अजिबात लावू नका, निदान आमच्या न्यूकॅसलची पोरं येणार असतील तर नकोच. इकडे कॅनी म्हणजे छान, भला. 'कॅनी लॅड' म्हणजे गुणी पोरगा, चहा कॅनी, घर कॅनी, सगळंच कॅनी. आमच्या ऑफिसात पुण्याहून नवीन आलेल्या एकाला मॅनेजर कॅनी लॅड म्हणाला तर तो पठ्ठ्या कितीतरी दिवस फुगून, का तर डिक्शनरीत त्याला 'धूर्त' सापडलं. आणि इथून वर स्कॉटलंडमध्ये गेलात की कॅनी म्हणजे सांभाळून राहणारा, पैशाच्या बाबतीत हिशेबी. मूळ तेच, जाणणं. त्याचाच अनकॅनी झाला आणि तो थेट भुताटकीच्या बाजूला जाऊन बसला.

मी क्राफ्टीला मत देतो. ब्रिटनमध्ये क्राफ्टीत थोडा लाडिकपणा आहे हे सरांच्या लक्षात आणून देतो. 'क्राफ्टी पाइंट' म्हणजे घरी न सांगता वाटेत पटकन मारलेली एक बिअर, त्यात कोणाचं वाटोळं होत नाही. म्हातारीला फिट.

खडूफळा:
लाडिक असेल तुमच्या पबमध्ये. 'क्राफ्टी पॉलिटिशियन' म्हणून बघा, किती लाड उरतो ते. शब्दाबरोबर कोण उभा आहे ते बघायला नको का?

किनाराकर:
मी वसईचा, चर्चमध्ये वाचन करतो म्हणून हे माहितीये, तुमच्या प्रश्नाचं याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. बायबलमधल्या उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात साप येतो. इंग्रजी भाषांतरं बघा, किंग जेम्समध्ये तो 'सटल', न्यू किंग जेम्समध्ये 'कनिंग', न्यू इंटरनॅशनलमध्ये 'क्राफ्टी' आणि न्यू लिव्हिंगमध्ये सगळ्यात 'श्रूड'. साप एकच, वाक्य एकच. आता खरी मजा, मत्तयच्या दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना सापासारखं व्हा म्हणतो, तिथे त्याच न्यू इंटरनॅशनलला क्राफ्टी नको झालं, 'श्रूड' घेतलंय, आणि किंग जेम्समध्ये तर सरळ 'वाइज'. आपल्या मराठी बायबलमध्येही पहिल्या ठिकाणी धूर्त आणि दुसऱ्या ठिकाणी चतुर. मत्तय मुळात ग्रीकमधला, तो शब्दच वेगळा, हे मान्य. पण उत्पत्तीतला हिब्रू शब्द नीतिसूत्रांत शहाण्या माणसासाठी येतो तेव्हा इंग्रजीत तो 'प्रूडंट' होतो! अकलेचा प्रकार तोच आहे हो, ती वापरून हव्वेला फसवलं की क्राफ्टी आणि लांडग्यांमध्ये जीव वाचवला की श्रूड.

तुमची म्हातारी जीव वाचवतेय. श्रूड लिहा आणि मोकळ्या व्हा.

भोपळेवाली:
किनाराकर दादा हे भारीच आहे! पण श्रूड म्हटलं की मला शेअर बाजारातली म्हातारी दिसते हो, ती भोपळ्यात कशाला बसेल, कॅब बोलावेल.

गुगलीवाला:
सर वायली म्हणाले ते पटलं. क्रिकेट ऐका, इंग्लिश कॉमेंटेटर म्हाताऱ्या होत चाललेल्या स्पिनरला वायली म्हणतात, आणि त्याच्याकडे 'गाइल' आहे म्हणतात. गाइल डिक्शनरीत बघाल तर कपट, कावा. पण तिन्ही बॉल बाहेर वळवून बॅट्समनला पुढे ओढायचं आणि चौथा तसाच दाखवून सरळ आत सोडायचा, याला गाइल म्हणतात तेव्हा ती शाबासकी असते. तोच बॉलर बाटलीच्या झाकणाने शिवण खरवडताना सापडला की कोणी गाइल म्हणत नाही, सरळ चीट. तेव्हा नियमात राहून फसवलं तर गाइल. भोपळ्यात बसू नये असा जंगलात काही नियम नाही.

कार्टूनकार्टी:
वायलीत एक घोळ आहे, मुलांना वायली म्हटलं की कोण आठवणार? वायली कोयोटी! १९४९ पासून रोड रनरच्या मागे लागलाय आणि दर वेळी कड्यावरून खाली. त्याचं नावच मुळी या शब्दावरची कोटी आहे. म्हणजे पोरांच्या डोक्यात वायली म्हणजे प्लॅन करणारा आणि तोंडावर आपटणारा. तो शब्द कोल्ह्याला द्या, नाहीतरी तोच हरतो गोष्टीत.

आर्टफुलचं कोणी बोललंच नाही. तो डिकन्सच्या आर्टफुल डॉजरने कायमचा पळवलाय, ऑलिव्हर ट्विस्टमधला खिसेकापू पोरगा. गोड आहे, पण म्हातारीला शोभणार नाही. डेव्हियस तर लांबच ठेवा, त्याचं मूळ 'रस्ता सोडून' असं आहे आणि आजचा अर्थ पाताळयंत्री, आतल्या गाठीचा. आणि फॉक्सी म्हणजे कोल्ह्यासारखा म्हणून कोल्ह्याला लावायला जाल तर थांबा, स्लँगमध्ये तो आकर्षक बाईसाठी आहे, मोठी पोरं खिदळतील.

भोपळेवाली:
सगळ्यांचे आभार. आत्तापुरतं ठरवलंय, म्हातारी क्राफ्टी, कोल्हा स्लाय कारण तो झाडामागे लपून बघतो, आणि वाघाला नुसतं हंग्री, त्याला डोकं दिलेलंच नाहीये गोष्टीत. मुलीला वाचून दाखवलं तर ती म्हणे मंडळात दोन मुलं अमेरिकेहून आलीत, ती क्राफ्टी ऐकून विचारतील की आजी भोपळा स्वतः रंगवते का, कारण त्यांच्या शाळेत क्राफ्टी म्हणजे गोंद आणि कागदवाली. आता काय करू?

टाइनकाठचा:
रंगवू दे की. हॅलोवीनच्या आसपास असेल कार्यक्रम तर उलट फायदाच.

खडूफळा:
मी अजूनही वायलीवर ठाम आहे. आणि ते तूप-रोटीचं काय केलंत? क्लॅरिफाइड बटर लिहिलं असेल तर वेगळा धागा काढा, तिथे भांडू.