वंशावळीतल्या गमती : तुमच्याकडे कोण कोणाचा कोण झाला?

गेल्या महिन्यात चुलतभावाने घरच्या ग्रूपवर ऑनलाइन वंशावळीचा दुवा टाकला. रंगीत चौकटी, फांद्या, सगळं देखणं. कौतुक करायला उघडली, तर माझे आजोबा 1887 साली वारलेले आणि त्यांचे चिरंजीव, म्हणजे माझे बाबा, जन्मले 1938 ला! छापील कुलवृत्तांतात आजोबांचा जन्म 'शके 1826' असा आहे. म्हणजे 78 मिळवून 1904. भावाने 'शके' गाळलं, आकडा तसाच ठेवला. आजोबा गेले 1987 ला, त्यामुळे वय झालं 161. साइटने लाल खूण दाखवली. ती घालवायला पठ्ठ्याने जन्म तपासला नाही, मृत्यूच शंभर वर्षं मागे नेला. आता ती खूण बाबांच्या नावापुढे उगवली आहे, पण त्याचं तिकडे लक्ष नाही.

तुमच्याकडे काय सापडलं? येऊ द्या. आडनावं नकोत, उगाच भाऊबंदकी पेटायची.

— — —

आमच्या एका आजीच्या दोन झाल्यात. माहेरची द्वारका, सासरी लक्ष्मी. ताम्हनातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, की जुनं संपलं. आजीच्या भाच्याने द्वारका भरली, माझ्या काकांनी लक्ष्मी. आजोबा दोन बायकांचे दादले! द्वारकेच्या पुढे मुलंबाळं नाहीत, काहीच नाही, म्हणून कोणा कनवाळू नातेवाइकाने 'बाळंतपणात निधन' असंही लिहून टाकलं. 84 वर्षांच्या आत्याला हे वाचून दाखवलं. चष्मा काढून म्हणाली, "म्हणजे मी बिजवराची लेक? आणि हे मला आत्ता कळतंय होय!"

— — —

आमच्या काकूने मधल्या नावाच्या चौकटीत रीतीप्रमाणे आजीच्या नवऱ्याचं नाव घातलं. ती चौकट वडिलांच्या नावाची होती. आजी आजोबांची मुलगी झाली, बाबा एकाच माणसाचे मुलगेही आणि नातूही. माझं मी अजून मोजलेलं नाही.

— — —

बाबा धरून आमची पाच भावंडं, पाचही 1 जूनची. सातारा जिल्ह्यातल्या लोकांना समजावून सांगायला नको. शाळेत नाव घालताना मास्तर विचारणार जन्म कधीचा, आजी म्हणणार 'जोंधळा काढला तेव्हाचा', मास्तर लिहिणार 1 जून. दोघा काकांच्या दाखल्यावर सालही एकच पडलंय, त्यामुळे साइटने त्यांना जुळे ठरवलं. खरं तर एक दुसऱ्यापेक्षा चांगला अडीच वर्षांनी मोठा, आणि थोरलेपणाचा मान अजून सोडत नाही. आजीच्या हिशेबाने बाबांचा जन्म नागपंचमीचा. नागपंचमी जूनमध्ये येत नाही, पण साइटला काय त्याचं!

— — —

1 जूनवरून आठवलं. आमचं झाड भाचीने अमेरिकेतून भरलं, तिकडे महिना आधी. 7/3 चे काका 3 जुलैचे झाले. तेरा तारखेपासून पुढे जन्मलेल्यांना साइट आत घेईना, म्हणून तिने त्यांच्या तारखा कोऱ्या ठेवल्या. अर्धं घर चुकीच्या महिन्यात, अर्धं बिनतारखेचं.

— — —

आम्ही फोंड्याचे. पोर्तुगीज अमदानीतल्या कागदांत 'श'च्या जागी रोमी 'एक्स' लिहीत. पुण्यात वाढलेल्या भाच्याने फोटो काढून नेले आणि परस्पर झाड लावलं. पणजोबा शांताराम झाले 'क्झांताराम'. त्यांचे बंधू विष्णू, कागदावर शेवटी 'म'सुद्धा लागलेला, ते झाले 'विक्सनम'. नावात 'शेणवी'चं 'सिनाय' होतं, तो त्याला बायबलातला पर्वत वाटला. बाकीचं सुधारून घेतलं, पण घरात त्यांना आता विक्स आजोबाच म्हणतात.

— — —

दत्तकाचा घोळ कोणाकडे नाही का? आमच्याकडे तर कहर. दोघे सख्खे भाऊ. थोरल्याला मूल नाही, त्याने धाकट्याचा मुलगा दत्तक घेतला. ते माझे पणजोबा. साहजिकच झाडात ते दोन ठिकाणी आले, एकदा जन्माने, एकदा दत्तकाने. साइटने पुतण्याला विचारलं, ही एकच व्यक्ती आहे का? हो म्हणाला. बरोबरच होतं. मग विचारलं, या दोघांचे वडीलही एकच का? पोराने पुन्हा हो दाबलं. झालं! दोन भावांचा एक माणूस झाला, त्याला दोन नावं, दोन बायका. आई केवढी भडकली, "अरे, जावा होत्या त्या, सवती करून ठेवल्यास!"

पण खरी मजा पुढेच. दत्तकविधान झाल्यावर त्या दोघा भावांचं बांधावरून बिनसलं आणि कोर्टात 11 वर्षं दावा चालला. पुतण्याने हौसेने ती हकीकतही खाली टिपली आहे. त्यामुळे आमचे मूळपुरुष 11 वर्षं स्वतःविरुद्ध लढले आणि, नोंदीप्रमाणे, हरले.

— — —

आमच्या खापरपणजोबांचं नाव बाळाजी, वडिलांचं विश्वनाथ. पुढचं ओळखलंत. साइटने आपणहून फोटो सुचवला, मावशीने आनंदाने लावला. 1720 साली वारलेले, भट घराण्यातले पहिले पेशवे आता आमच्या झाडात भुसावळला रेल्वेत कारकून आहेत. मावशी काढू देत नाही. म्हणते, पगडी शोभते.

— — —

एकत्र कुटुंब. चुलत भावंडं माझ्या वडिलांना काका म्हणत, म्हणून आम्ही सख्खी मुलंही काकाच म्हणायचो. नातीने फोनवर माझी तासभर मुलाखत घेतली. काकांनी शाळेत घातलं, काकांनी छड्या मारल्या, काका गेले तेव्हा मी फार रडले, असं सगळं सांगितलं. झाडात पाहिलं तर वडिलांची चौकट रिकामी. शेजारी टीप : 'लहानपणीच पोरक्या झाल्या, प्रेमळ काकांनी वाढवलं.'

— — —

धागाकर्ती : हा धागा भावाला पाठवला होता. त्याने लगेच दुरुस्ती केली. आजोबांचा जन्म आता 1904. मृत्यू 1887 तसाच.